गराडी वाजनी नही

त्या सकाळी मी शाळेला निघायच्या तयारीत होतो. कळसाडीहून शहाद्याला दूध घालायला येणारा माणूस दारात सायकल टेकवून उभा राहिला. एरवी तो गल्लीच्या तोंडापासूनच घंटी बडवत येतो, त्या दिवशी वाजवली नाही. म्हणाला, "मास्तर, झवेरभाभीनी सांगेल शे, आज गराडी वाजनी नही." एवढंच बोलून तो खाली बघत राहिला. गेला, वारला, असा एकही शब्द त्या निरोपात नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. विहिरीवरच्या कप्पीला आमच्या खानदेशात गराडी म्हणतात. कळसाडीत मगनच्या घरी मात्र गराडी विहिरीवर नव्हती, गोठ्याशेजारच्या पडवीत होती. गेली आठ वर्षं रोज सकाळी धारा काढायच्या वेळेला ती कुरकुरायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. ती वाजली नाही, म्हणजे मगन राहिला नाही… आज त्याला सहा आठवडे झाले. लिहायला बसलो खरा, पण मी पडलो मास्तर. शेवटी तात्पर्य लिहायची खोड जात नाही, आणि इथे तात्पर्य काय काढायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मगन माझा लंगोटीयार, आणि आमच्या बाबतीत हा शब्द अगदी शब्दशः खरा होता. मारुतीच्या देवळामागच्या आखाड्यात आम्ही एकाच दिवशी लंगोट बांधला. तो मला रोज पाडायचा आणि रोज हात देऊन उठवायचा. वर्षभर माती खाल्ल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण शिकलेलं बरं, आणि मी गावातला पहिला मॅट्रिक झालो. तो गुजर पाटलांच्या घरचा, कापूस आणि ऊस सांभाळून कुस्ती करत राहिला. सारंगखेड्याच्या जत्रेत त्याने मारलेल्या कुस्त्या आमच्या भागातले लोक अजून हाताने दाखवून सांगतात, त्यात अर्ध्या त्याने मारलेल्याही नसतील. लग्न झालं, दोन मुली झाल्या, तशी जत्रा सुटली. पण व्यायाम सुटला नाही. त्याने आखाडाच घरी आणला. पडवीत लाल माती घातली, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवली, भिंतीला फळ्या ठोकून मुदगलांच्या जोड्या ठेवल्या आणि मधोमध नाल ठेवली. नाल म्हणजे मधे मूठ कोरलेली दगडाची जड चकती. ती तो एका हाताने खांद्यावर घ्यायचा. झवेरभाभी, म्हणजे त्याची बायको, शेणाचे हात धूत दारातून बघायच्या आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "गायी दूध देतस, बैल नांगर ओढतस, आन आमना हाऊ मानूस दगड उचलस आन परत तठेच ठेवस." मगन हसायचा आणि दगड परत तिथेच ठेवायचा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला होता. खापरावरच्या पुरणपोळीचा घास हातातून ताटात पडला. त्याने परत उचलला, परत पडला. त्याला वाटलं हाताला मुंग्या आल्या असतील. दुपारपर्यंत ओठ एका बाजूला गेला, पाय ओढला जायला लागला आणि गावात "मगनले लकवा उना" म्हणून झालं. मग एक महिना आम्ही जे करायचं ते सगळं केलं, म्हणजे काहीच केलं नाही. कोणी कबुतराचं रक्त चोळलं, कोणी तेलं सांगितली, भगताने लिंबू उतरवला. मी मॅट्रिक झालेला माणूस, या सगळ्याला मान डोलावत बसलो होतो. हळूहळू जीभ सुटली, पायही बऱ्यापैकी चालायला लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. चिमटा घेतला तर तो ओय करायचा. हाताला जाण सगळी होती, ताकद तेवढी गेली होती. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

एका गोष्टीची त्याला घाई होती. आमच्याकडे पेरणीची पहिली मूठ घरच्या कर्त्याने उजव्या हाताने धरायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. त्या वर्षी त्याच्या निर्जीव मुठीत सरकी ठेवून भाभींनी वरून आपली मूठ आवळली आणि दोघांनी मिळून ती सोडली. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "पुढला साले मन्हा हातनी." मी म्हटलं, हो. त्या आठ वर्षांत मी त्याला किती वेळा हो म्हटलं, ते आता आठवत बसतो.

त्याला मी धुळ्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर पुण्याकडचे, बोलणं शुद्ध, पुस्तकातलं. मगनची आयुष्यभराची भाषा घरात गुजरी आणि गावात अहिराणी. तेव्हा मधला दुभाष्या मी, आणि त्या कामाचा मला अभिमानही होता. डॉक्टरांनी हात हलवून पाहिला, दाबून पाहिला आणि टेबलावरचं एक छापील पुस्तक उघडलं. मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचं, कसरतीच्या सामानाचं. त्यात लाकडी चौकट, वर कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीच्या एका टोकाला मूठ आणि दुसऱ्या टोकाला वजन, असं चित्र होतं. डॉक्टर म्हणाले, "असं काहीतरी घरी करून घ्या. सुरुवातीला पाच शेर बांधा. मग वजन हळूहळू खाली आणत जा. ते जितकं खाली येईल तितका हात सुधारला असं समजा." मगनने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हने डॉक्टर?" मी सांगितलं, "डॉक्टर म्हनस, वजन हयूहयू खाले आन. ते जितलं खाले ई, तितला हात सुधारना समज." एकही शब्द मी वगळला नाही. मगन म्हणाला, "मंग सोपं शे." परतीच्या एसटीत आम्ही दोघे खूश होतो. डॉक्टरांनी ते चित्राचं पान फाडून दिलं होतं, ते त्याने डाव्या हाताने मांडीवर धरून ठेवलं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही ते सामान निवडण्यात घालवले. मगनच्या दुखण्यातले सुखाचे दिवस कोणते असं विचारलं तर मी तेच सांगीन. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी सायकलवर कळसाडीला जायचो आणि आम्ही ते पान मधे ठेवून बसायचो. त्यात दोरीला जोडायच्या वस्तूंची एक रांगच होती. एका हाताची मूठ, दोन्ही हातांची दांडी, घोट्याला बांधायचा पट्टा, डोक्याला बांधायचा पट्टा. डोक्याच्या पट्ट्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "डोकाले पट्टा कसाले? मन्हं डोकं तं बरं शे. तुले पाहिजे तं सांग." दोन हातांची दांडी त्याला फार आवडली होती, पण तिच्याकडे बराच वेळ बघून त्याने स्वतःच ती बाजूला काढली. शेवटी एका हाताची मूठ ठरली. पण उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, मुठीतून सुटून यायची. तेव्हा मुठीच्या वर मनगट धरून ठेवणारा चामड्याचा फास लावायचं ठरलं.

चौकटीच्या लाकडावर तर आठवडा गेला. बाभूळ मजबूत, पण वाकते. साग चांगला, पण डोंगरातून आणायचा तर परवाना हवा. मगनला कडुनिंब पाहिजे होता, का तर दुखण्याला निंब बरा. शहाद्याच्या सुताराने कपाळावर हात मारला आणि आपल्याजवळचाच जुना साग काढून दिला. पण तो सुतार जन्मभर दाराच्या चौकटी करत आलेला. त्याने बिनचूक दाराची चौकट केली, वर कोरीव पट्टी आणि खाली उंबरठा. "चौकट म्हनस आन उंबरठा नही?" असं तो उलट आम्हालाच विचारायला लागला. भाभींनी तेवढ्यात उंबरठ्याला हळदकुंकू लावलंसुद्धा. पहिल्याच दिवशी मगनचा ओढता पाय त्या उंबरठ्यात अडकला आणि तो माझ्या अंगावर आला. लहानपणापासून त्याने मला इतक्यांदा पाडलं, पण या वेळी खाली दोघेही पडलो. मग कुंकवासकट तो उंबरठा कापून काढला.

बाकी सगळं मोटेतून निघालं. त्याच साली त्याच्या मळ्यात इंजिन बसलं होतं आणि मोट विहिरीवर नुसती पडून होती. अंबाडीचा दोर हात कापतो, काथ्या झडतो, जिनिंगमधली तार मी आणून दाखवली तर भाभींनी ती अंगणातच ठेवायला लावली. मोटेचा नाडा मात्र वर्षानुवर्षं पाणी पिऊन मऊ झालेला होता. तोच घेतला. मोटेवरची एक गराडी आणि पडक्या विहिरीवरची दुसरी, अशा दोन घेतल्या. मोटेच्या चामड्यातून चांभाराने फास कापून दिला. वजनांचा प्रश्न सरकारनेच सोडवला. शेर जाऊन किलो आले होते, वाण्याला जुनी मापं दुकानात ठेवायचीही चोरी होती. त्याने पाचशेरी, अडीचशेरी, शेर असं सगळं पोत्यात भरून देऊन टाकलं. मगन त्या लोखंडावरून हात फिरवत म्हणाला, "सरकारनी ह्यासले काढी टाकं, देवनी माले. आमनं जमी."

दोन गराड्या कशाला, तर त्याची एक अट होती. हात उचलताना त्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि ते बायकोने बघू नये असं त्याला वाटायचं. म्हणून दोर डोक्यावरच्या गराडीवरून पुढे नेऊन कुडाच्या भिंतीपलीकडे गोठ्यात सोडला. मगन अलीकडे खुर्चीत. वजन पलीकडे, आणि वजनाजवळ भाभी. त्याचा हात आपल्या बळावर खाली ओढला जाईना, तेव्हा भाभींनी वजन उचलून धरायचं, म्हणजे दोर सैल पडून हात खाली यायचा. मग त्या भिंतीपलीकडून विचारायच्या, "सोडू का?" तो म्हणायचा, "सोड." त्या वजन सोडायच्या, गराडी कुरकुरायची आणि हात वर जायचा. मग त्यांचा दुसरा प्रश्न, "कितला गया?" तो सांगायचा, "खांदालोंग." म्हणजे खांद्यापर्यंत. रोज वीस वेळा हे चालायचं. मी एकदा गराडीला तेल घालायला गेलो तर त्याने अडवलं. "वाजू दे. गावले समजू दे, मगन अजून कसरत करी ऱ्हायना."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन खाली यायला हवं. पाच शेरांचं वजन जमिनीपासून कंबरभर उंचीवर लटकून राहायचं. मग काय करायचं? आम्ही दोघे आखाड्यातले. आखाड्यात एकच दिशा ठाऊक, आज जितकं उचललं त्याच्यापेक्षा उद्या जास्त. आम्ही एक शेर वाढवला. वजन वीतभर खाली आलं आणि हात वीतभर वर गेला. मगनचे डोळे चमकले. दोन महिन्यांनी अजून एक शेर, पावसाळा सरल्यावर अडीचशेरी… वजन खाली येत होतं, हात वर जात होता, डॉक्टरांचा शब्द न् शब्द खरा ठरत होता. "खांदालोंग"चं "कानलोंग" झालं. कानापर्यंत हात गेला त्या दिवशी त्याने मला खास बोलावून दाखवलं आणि भाभींनी शिरा केला. गल्लीतले लोक चेष्टा करायचे की कसरत मगन करतो आणि चोळीच्या बाह्या भाभींच्या उसवाव्या लागतात. त्या हसण्यात मीही होतो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो असेन.

दीड वर्ष असं गेलं. एके दिवशी मी सातवीच्या वर्गात कप्पीचा धडा शिकवत होतो. फळ्यावर कप्पी काढली, एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला पाण्याची बादली. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, जे जड ते खाली येतं आणि जे हलकं ते वर जातं. खडू तिथेच थांबला. मी त्या चित्राकडे पाहत राहिलो. मला बादलीच्या जागी मगनचा हात दिसायला लागला. हात काहीच करत नव्हता. दगड जड होता, म्हणून हात वर जात होता. आम्ही दगड जड करत होतो आणि हात सुधारला म्हणून शिरा खात होतो. वजन खाली आणा म्हणजे वजन कमी करा, आधार काढून घेत जा, म्हणजे हाताला स्वतः काम करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. खाली आणा. एवढं साधं मराठी मला कळलं नव्हतं. मी त्याचं अहिराणीत भाषांतर केलं होतं आणि भाषांतर अगदी बरोबर केलं होतं…

मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. उत्तर पोस्टकार्डावर आलं, चार ओळींचं. वजन कमीच करत जायचं होतं, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, आता कितपत उपयोग होईल सांगता येत नाही, प्रयत्न करून पाहावा. ते कार्ड अजून माझ्या पेटीत आहे. परवापर्यंत मी ते कोणालाही दाखवलं नव्हतं.

रविवारी मी ते कार्ड खिशात घालून कळसाडीला गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. पडवीत पाऊल टाकलं तर मगन म्हणाला, "बठ, आज दख." भिंतीपलीकडून "सोडू का?" आलं, गराडी वाजली आणि त्याचा हात डोक्याच्याही वर गेला. घाम आलेल्या तोंडाने तो माझ्याकडे पाहत होता. आखाड्यात मला पाडल्यावर तो असाच पाहायचा, बक्षीस मागितल्यासारखा. मी म्हटलं, वा. कार्ड खिशातच राहिलं. मग मी भित्र्या माणसाची युक्ती काढली. म्हटलं, डॉक्टरांचं पत्र आलंय, ते म्हणतात मधून मधून वजन थोडं कमी करून बघावं. तो रागावला, "मांगे जाऊ का मी?" पण डॉक्टरांचं नाव होतं म्हणून कबूल झाला. मी पलीकडे जाऊन भाभींच्या देखत पाचशेरी काढून ठेवली. त्यांनी उरलेलं वजन उचललं आणि सोडलं. गराडी अर्धवट कुरकुरून थांबली. "कितला गया?" मी कुडाच्या फटीतून पाहिलं. हात कंबरेजवळ लोंबकळत होता आणि मगन त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आज हात काबर रुसना?"

आणखी चार दिवस असंच करून पाहावं असं मी भाभींना सांगून आलो. तिसऱ्या दिवशी शाळेत निरोप आला, संध्याकाळी या. भाभी अंगणातच उभ्या होत्या. "भाऊ, ती पाचशेरी परत बांधी द्या. दोन दिवसफाइन त्यासनी भाकर नही खादी." मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जे शे ते ऱ्हाऊ द्या." मी पाचशेरी परत बांधली. गाठ मीच मारली, चांगली पक्की. दुसऱ्या दिवसापासून गराडी पूर्वीसारखी वाजायला लागली.

पुढच्या सहा-साडेसहा वर्षांचं काय लिहू? दर पेरणीला भाभी त्याच्या मुठीवर मूठ आवळत राहिल्या आणि तो "पुढला साले" म्हणत राहिला. मुली नांदायला गेल्या. कुठे कोणाला लकवा झाला की लोक त्याला बघायला कळसाडीला यायचे आणि तो त्यांना चौकट, दोर, फास सगळं समजावून सांगायचा, मोट मोडू नका म्हणायचा, उंबरठ्याची गोष्टही सांगायचा. अशा वेळी मी गायीला चारा घालायचं निमित्त करून बाहेर जायचो. आणि त्या लोकांना बाहेर गाठून, वजन वाढवू नका, कमी करत जा, असं हळूच सांगायचो. परक्या माणसांना मला सांगता यायचं. एवढं धाडस माझ्यात होतं.

आमची शेवटची भेट तो जाण्याच्या आठ दिवस आधीची. दम लागत होता, तरी खुर्चीत बसून होता. म्हणाला, "मास्तर, वजन भुईले टेकनं बरं का." मी म्हटलं, "हो का?" तो म्हणाला, "डॉक्टरनं गनित बरोबर निंघनं. तू सांगं व्हतं तसंच." मी मान खाली घातली. "आन हात?" मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. त्याने फासातल्या हाताकडे वर पाहिलं. "हात काय… हात वरच शे." आणि तो हसला. त्या हसण्याचा अर्थ लावण्यात माझ्या पुष्कळ रात्री गेल्या.

परवा रविवारी मी कळसाडीला गेलो. या वेळी कार्ड खिशात नाही, हातात घेऊन गेलो. भाभी पडवीत झाडत होत्या. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं वाक्य, माझं भाषांतर, फळा, कार्ड. साडेसहा वर्षं जे जमलं नाही ते पाच मिनिटांत झालं, कारण ज्याला सांगायचं तो नव्हता. भाभींनी झाडू भिंतीला टेकवला. "माले पहिला आठवडालेच समजनं व्हतं, भाऊ. उचलनारले वजन समजस."

"मंग तुमी बोलनात का नही?"

"काय बोलू? तुमी शिकेल. तुमी डॉक्टरपान जाईसन उनात. माले वाटनं, मालेच समजत नही व्हई." मग त्या म्हणाल्या, "आन नंतर पक्कं समजनं, तवय त्यासना हात कानलोंग जाई ऱ्हायना व्हता."

माझ्याजवळ एकच प्रश्न उरला होता. त्याला ठाऊक होतं का? त्या म्हणाल्या, "माले काय माहीत. त्यासनी सांगं नही, मी पुसं नही." मग चौकटीकडे बघत त्यांनी स्वतःहून सांगितलं की सकाळ झाली की त्यांचे हात गप्प बसत नाहीत. एक दिवस उठून त्या गोठ्यात गेल्या, वजन उचललं आणि सवयीने सोडलं. रिकामी मूठ धाडकन वर जाऊन पट्टीवर आदळली, गाय बिचकली. तेव्हापासून त्यांनी दोराला हात लावला नव्हता. "मूठ धरनारं कोनी पाहिजे," त्या म्हणाल्या. त्यांनी ते मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं. पण मी जाऊन मगनच्या खुर्चीत बसलो.

भाभी भिंतीपलीकडे गेल्या. वजन उचललं गेलं, दोर सैल पडला, मूठ माझ्या मांडीपर्यंत आली. मी चामड्याच्या फासात उजवा हात घातला. चामडं त्याच्या मनगटाच्या घामाने काळं आणि मऊ झालं होतं. पलीकडून आवाज आला, "सोडू का?" मी म्हटलं, "सोड." तुम्ही म्हणायचं मला सुचलं नाही. गराडी कुरकुरली आणि माझा हात वर जायला लागला. मी काही केलं नव्हतं. एक स्नायूही ताठ केला नव्हता. कोणीतरी मनगटाला धरून, दुखणार नाही अशा बेताने, हात वर नेत होतं. वजन त्या एकदम सोडत नव्हत्या, धरून धरून सोडत होत्या. ते मला पलीकडे उभं राहून कधीच कळलं नव्हतं. त्या फासात हात असलेल्या माणसाला मात्र ते कळल्यावाचून राहणं शक्य नव्हतं. चिमटा घेतला तर तो ओय करायचा. आठ वर्षं, रोज वीस वेळा, आपला हात कोण उचलतंय हे मगनला ठाऊक होतं. आणि दर वेळी त्याने बायकोला हात कुठपर्यंत गेला ते सांगितलं होतं, आणि मला गणित बरोबर निघालं म्हणून सांगितलं होतं.

माझा हात वर होता. कुडाच्या पलीकडून भाभींनी विचारलं, सवयीने, रोजच्याच आवाजात, "कितला गया?"

मी मान वर करून फासातल्या हाताकडे पाहिलं. त्या तोवर वजन धरून तशाच उभ्या असाव्यात, कारण दोर हलला नाही.

"कानलोंग," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी वजन परत उचललं, आणि माझा हात हळूहळू खाली आला.